भरमू झीलकऱ्याची बिनतारी

काकतीच्या भरमूला आयुष्यात एकच गोष्ट नीट येत होती. दुसऱ्याच्या तोंडून सुटलेली ओळ खाली पडायच्या आत झेलायची आणि पुन्हा म्हणायची. शाहीर रवळूच्या फडात तो झीलकरी होता. शाहिराने डफावर थाप मारून ओळ टाकली की मागे उभ्या भरमूने एका कानावर हात ठेवून तिचं शेपूट धरायचं, वर दोन-चार "जी जी रं जी" जोडायचे आणि शाहिराला पुढची ओळ आठवेपर्यंत वेळ काढायचा. रवळूला पुढची ओळ लवकर आठवत नसे, त्यामुळे भरमूचा गळा चांगलाच तयार झाला होता. रात्री ऐकलेला पोवाडा तो सकाळी अक्षर न चुकता म्हणून दाखवी. त्यातल्या राजाने कुठला गड घेतला हे मात्र त्याला विचारू नये. ओळी कानातून आत जात आणि तोंडातून बाहेर येत. वाटेत टेकायला त्यांना जागाच नव्हती.

मग कोल्हापुरात बोलपट निघाले. रवळूने एकदा आरशात पाहिलं, स्वतःची मिशी पिळली आणि सरळ कोल्हापूरची मोटार धरली. फड मोडला. भरमू घरी बसला. त्याची बायको मालुबाई ही वडगावच्या कोष्टी आळीत लहानाची मोठी झालेली. मागावरच्या खडखडाटात वाढल्यामुळे तिला मोठ्याने बोलायची सवय होती आणि रिकाम्या हाताने बसलेला माणूस तिला बघवत नसे. काही दिवस तिने कळ काढली. मग एका रविवारी त्याच्या हातात पिशवी दिली आणि खासबागच्या बाजाराला पिटाळलं.

बाजारात एक वैदू तेलाच्या बाटल्या मांडून ओरडत होता. सांधेदुखी, पाठदुखी, सवतीचा जाच, सगळ्यावर तेच एक तेल. गर्दी मोठी होती आणि वैदूचा घसा बसलेला. मागच्या लोकांना काही ऐकू जात नव्हतं. भरमू मधे उभा होता. वैदूने एक वाक्य टाकलं की भरमूच्या तोंडून ते आपोआप मागे जाई, खणखणीत, त्याच चालीत, त्याच खोकल्यासकट. त्याने हे मुद्दाम केलं नाही. तोंडाची सवयच तशी. वैदूच्या बाटल्या संपल्या, आणि भरमूच्या खांद्यावर मागून कुणीतरी हात ठेवला.

"मी एक वाक्य म्हणतो, ते म्हणून दाखव," असं म्हणून त्या गृहस्थाने विजेच्या प्रवाहाबद्दल अर्ध्या पानाचं काहीतरी एका दमात म्हटलं. भरमूने ते एका दमात परत केलं.

"काय कळलं?"

"काय न्हाय."

"उत्तम," गृहस्थ म्हणाले.

हे मारुतीराव. हायस्कुलात सायन्स शिकवत आणि शाळेबाहेर 'बेळगाव हौशी बिनतारी मंडळा'चे अध्यक्ष होते. मंडळाचे सभासद इनमिन तीन. दुसरे निपाणीचे जिनदत्त, तंबाखूच्या मोठ्या व्यापाऱ्याचे चिरंजीव, ज्यांना वडिलांची वखार सोडून बाकी सगळ्यात रस होता. तिसरे एक कारकून. तिघांकडे सरकारचा परवाना होता आणि घरी बांधलेली लाकडी खोकी होती. त्यात काचेचे दिवे पेटत आणि त्यातून तारेशिवाय, नुसत्या हवेतून, माणसाचा आवाज लांबवर जाई. पण या खोक्यांचा आवाज भाल्यासारखा सरळ जाणारा. मधे डोंगर आला की तिथेच रुतायचा. बेळगाव आणि निपाणी यांच्या मधे तर डोंगरच डोंगर. म्हणून मंडळाने वंटमुरीच्या घाटाच्या माथ्यावर पत्र्याची एक खोली बांधली आणि तिच्यात चौथं खोकं ठेवलं. तिथे बसून एकीकडचं ऐकायचं आणि दुसरीकडे सांगायचं. जिनदत्तांनी पैसे घातले, मारुतीरावांनी भाषण केलं आणि कारकून वर जाऊन बसले.

कारकुनांची खोड अशी की त्यांना सारांश काढायची सवय होती. मारुतीरावांनी बेळगावातून बराच वेळ व्याख्यान द्यावं आणि कारकुनांनी निपाणीला कळवावं, "मास्तर म्हणतात, सगळं ठीक." मारुतीरावांना हे कळलं त्या दिवशी कारकुनांची बढती खाली झाली. आता त्यांना असा माणूस हवा होता ज्याच्या डोक्यातून वाक्य जाताना त्याला कशाचाही धक्का लागणार नाही. असं डोकं खासबागच्या बाजारात मिळालं म्हणून ते खूश होते.

भरमूला हे काम समजावून सांगायला फार वेळ लागला नाही. खोक्याला एक खटका होता. वर केला की ऐकायचं, खाली केला की बोलायचं. दुसरा खटका उजवीकडे केला की निपाणी, डावीकडे केला की बेळगाव. बाहेर दोन उंच बांबू, त्यांवर तारा. एक बांबू निपाणीकडे बघणारा, दुसरा बेळगावकडे. एकीकडे बोललेलं दुसरीकडे ऐकू जात नसे. पगार थोडका होता, पण जिनदत्तांच्या वखारीतून सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर पानतंबाखूची पुडी येई. ती अशी अस्सल की भरमूने पहिल्याच दिवशी नोकरी कायमची धरली.

पहिल्या संध्याकाळी त्याने मारुतीरावांचं वाक्य निपाणीला दिलं आणि शेवटी सवयीने "जी रं जी" जोडलं. जिनदत्तांना वाटलं मास्तरांची तब्येत बिघडली. पुढे ते बंद झालं.

खरं काम बोलण्याचं नव्हतंच, निगा राखायचं होतं. बॅटऱ्यांमधलं तेजाब भरमूच्या धोतराला भोकं पाडी. बॅटऱ्या उतरल्या की त्यांना सर्व्हिस मोटारीच्या टपावर घालून वडगावच्या गिरणीत भरायला न्यावं लागे. कंडक्टर म्हणे, या पेटीचं अर्धं तिकीट काढा. एकदा ती पेटी कुणाच्या तरी नवरीच्या ट्रंकेवर लवंडली आणि शालूला जाळी पडली. तेव्हापासून भरमू नवरी नसलेली मोटार बघूनच चढत असे. बांबूला वाळवी लागे. वानरं तारेला लोंबकळत. मष्णू नावाचा धनगर बांबू ताणून धरणाऱ्या दोरीला बकरं बांधून झोपी जाई आणि बकऱ्याने दोर ओढला की निपाणी गप्प होई. भरमूने त्याला शिव्या दिल्या, मग तंबाखू दिली, मग तह झाला. मष्णूने वानरं हाकलायची आणि त्या बदल्यात कधीमधी खोक्याच्या ऐकायच्या डब्यांची दुसरी जोडी कानाला लावून ऐकायचं.

मष्णूने एका संध्याकाळी ऐकलं. मारुतीराव विचारत होते, "माझा आवाज कसा येतोय?" भरमूने ते निपाणीला दिलं. निपाणीहून जिनदत्त म्हणाले, "चांगला येतोय. माझा कसा येतोय?" भरमूने ते बेळगावला दिलं. मारुतीराव म्हणाले, "काल जरा खरखर होती. आज खरखर कमी आहे. तिकडं खरखर किती आहे?"

मष्णूने डबे काढून ठेवले. "कोण मेलंय का रं?"

"न्हाय."

"मग एवढं का बोलत्यात?"

"ऐकू येतंय का न्हाय ते बघत्यात."

"येतंय की."

"व्हय. त्येच सांगत्यात एकमेकाला."

मष्णू बकऱ्यांकडे निघून गेला. भरमूला मात्र त्या दिवसापासून चुटपुट लागली. फडात असताना रवळूच्या ओळीत निदान घोडे दौडत, तलवारी खणाणत. इथे दोन शिकलेली माणसं, एवढं यंत्र, एवढा डोंगर, मधे एक पोटाला चिमटा घेऊन बसलेला माणूस, आणि सांगायचं काय, तर खरखर. आपला गळा असल्या कामाला लावल्याची त्याला लाज वाटू लागली.

हे फार दिवस चाललं नाही, कारण मंडळाच्या नावावरून भांडण लागलं. जिनदत्तांचं म्हणणं, खोली आमच्या पैशाची, खोकं आमच्या पैशाचं, तर पाटीवर 'बेळगाव-निपाणी' असं यावं. मारुतीराव म्हणाले, नियमाने अवघड आहे, पण निपाणीला कंसात घालू.

भरमूने तसंच सांगितलं.

"ह्यो कंस कोण?" मष्णूने विचारलं.

"किस्नाचा मामा. मास्तर निपाणीला त्येच्या ताब्यात द्याय निघाल्यात."

"आणि निपाणीवालं गप बसल्यात?"

ते गप्प बसले नाहीत. पुढचे काही दिवस भरमूच्या जन्माचं सार्थक करणारे गेले. जिनदत्त म्हणाले, खडूची पूड खाऊन मास्तरांचा मेंदू पांढरा पडलाय. मारुतीराव म्हणाले, तंबाखूच्या धुराने काळा पडण्यापेक्षा पांढरा बरा. भरमूने एकेक वाक्य असं पोचवलं की दोन्हीकडे जिव्हारी लागलं. निपाणीत वखारीतल्या बायका तंबाखूची पानं निवडायची सोडून मालकाच्या खिडकीखाली बसू लागल्या. बेळगावात मारुतीरावांचे शेजारी खुर्च्या घेऊन आले. एकदा तर मारुतीरावांनी "गाढव" असा शब्द वापरला आणि भरमूच्या तोंडून इतक्या महिन्यांनी पुन्हा "जी रं जी" निसटलं. जिनदत्तांना ते शब्दाहून जास्त लागलं. त्यांनी बोलणं बंद केलं. मारुतीरावांनीही केलं.

आता भरमू खोलीत बसे आणि दोन्हीकडून नुसती हवा येई. पण दोघांचीही खोकी संध्याकाळी चालू होत, हे त्याला आवाजावरून कळे.

"भरमू," मारुतीराव सहज विचारल्यासारखं विचारत, "निपाणीकडून काही?"

"न्हाय, मास्तर."

"मला काय. मी आपलं विचारलं."

थोड्या वेळाने जिनदत्त. "भरमा, बेळगावचं काय हाय?"

"न्हाय, अण्णा."

"नसू दे. कोण वाट बघतंय."

पुढच्या मोटारीने आलेली तंबाखूची पुडी निम्मीच होती. पुडी निम्मी झाली म्हणजे पुढे काय होणार हे कळायला शिक्षण लागत नाही. भरमूने त्या संध्याकाळी बराच वेळ खटक्यावर हात ठेवला. बेळगावहून नेहमीचा प्रश्न आला, निपाणीकडून काही? आणि त्याच्या तोंडातून, कुठल्याही कानातून आत न शिरलेलं असं पहिलंच उत्तर बाहेर पडलं.

"हाय."

हाय म्हटल्यावर काहीतरी सांगणं भाग होतं.

"अण्णा इचारत्यात, मास्तरांचा दमा कसा हाय."

मग मारुतीराव बोलू लागले ते दम्याबद्दल इतकं बोलले की भरमूला स्वतःला धाप लागली. शेवटी त्यांनी जोडलं, "पण सांग त्याला, कंस तो कंसच." भरमूने निपाणीचा खटका ओढला, दमा पोचवला, कंस वंटमुरीच्या घाटात टाकून दिला आणि वर पदरचं घातलं, "मास्तर म्हणत्यात, आप्पांचा गुडघा बरा हाय का." आप्पा म्हणजे जिनदत्तांचे वडील शांतिनाथ. बॅटऱ्यांच्या निमित्ताने भरमू दोन्ही घरांच्या मागच्या दारी बसून आला होता. कुणाचं काय दुखतं हे त्याला ठाऊक होतं.

मग हाच रिवाज पडला. एकीकडून येणाऱ्या बोलण्यातला काटा काढायचा, रिकाम्या जागी आपलं काहीतरी भरायचं आणि पुढे द्यायचं. दोघांच्या खरखरीला त्याने सरळ रजा दिली. त्याचे जिनदत्त मास्तरांच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करत. त्याचे मारुतीराव म्हणत, आज ढग असे दिसतायत की माझ्या वर्गातली पोरं वाटावीत, एकही जागेवर बसत नाही. हे वाक्य जिनदत्तांना एवढं आवडलं की त्यांनी ते बायकोला सांगितलं. बायको चंदना म्हणाली, मास्तर सुधारले की.

भरमू घरी आला की मालुबाई त्याच्याकडे बघे. "काय खाल्लंसा? तोंड फुललंय."

"बोललो," तो म्हणे.

"रोजच बोलतासा की."

"न्हाय गं. आज म्या बोललो."

तिला काही कळलं नाही, आणि समजावून सांगण्याइतकं त्यालाही कळलं नव्हतं. जन्मभर तो दुसऱ्याच्या ओळीमागून चालत आला होता. आता ओळ पुढे आणि माणसं मागे. तंबाखूची पुडी पुन्हा भरून येऊ लागली होती, पण तिच्यासाठी हे करतो असं तो स्वतःलाही आता सांगत नव्हता.

अशाच एका भुकेच्या संध्याकाळी घात झाला. मालुबाईने बांधून दिलेली भाकरी वानराने पळवली होती. पोटात आग, समोर खोकं, आणि मारुतीरावांनी विचारलं, अण्णा आज कसे आहेत? भरमूच्या मनात त्या घडीला सुखाचं एकच चित्र होतं.

"अण्णा झ्याक हायत. कांदाभजी खाऊन बसल्यात. म्हणत्यात, मास्तर, कांद्यासारखी चव न्हाय दुनियेत. घरी मिळत न्हाय, कुठं बोलू नका."

खटका वर केला तेव्हा आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. जिनदत्तांच्या घरात कांदा उंबऱ्याच्या आत येत नव्हता. आप्पा तर सूर्य मावळल्यावर पाण्यालाही शिवत नसत. पण बेळगावहून मारुतीरावांचं खुदकन हसू ऐकू आलं, आणि भरमूने विचार केला, हवेतलं बोलणं हवेत गेलं.

ते गेलं नाही. मारुतीरावांच्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि निपाणीला आमंत्रण गेलं. जिनदत्त, चंदना आणि काठी टेकत आप्पा, तिघंही मोटारीने आले. भांडणानंतरची पहिलीच भेट. दोघांनाही वाटत होतं की समोरच्याने आधी माघार घेतली, त्यामुळे दोघंही मोठ्या मनाने वागत होते. मिठी मारताना कुणी आधी हात पसरावा यात सुद्धा अडचण आली नाही. भरमू पाहुण्यांना पाणी द्यायला होता. पाहुण्यांसाठी वेगळा आचारी, वेगळी भांडी, दिवसाउजेडी जेवण, सगळं मारुतीरावांनी बघून केलं होतं. जेवणं झाल्यावर त्यांनी जिनदत्तांना डोळा मारून आतल्या खोलीत नेलं. आप्पांना वाटलं आत खुर्ची असेल. तेही मागून गेले. पाण्याचा तांब्या घेऊन भरमू आधीच आत उभा होता आणि समोरून ताट येताना त्याला दिसलं.

ताटात कांदाभजी होती. गरम, कुरकुरीत, ढीगभर.

"तुमच्यासाठी," मारुतीराव हळूच म्हणाले. "कुणाला कळणार नाही."

दारातून आप्पांचा आवाज आला. "माझा पोरगा कांदा खातोय, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मारुतीराव दचकले, पण शिक्षकच ते. "त्यांनीच. बिनतारीवर."

"मी?" जिनदत्त म्हणाले. "मी तुमच्याशी दम्याशिवाय दुसरं काय बोललोच न्हाय. ते पण तुम्ही सुरू केलासा म्हणून."

"मी सुरू केलं? तुम्ही विचारलंत, दमा कसा आहे. मी कंसाचं सांगून तुमच्या तोंडावर मारलं, तरी तुम्ही मुलीची चौकशी केलीत."

"कंसाचं? तुम्ही तर आप्पांचा गुडघा इचारलासा. आणि ते ढगांचं, वर्गातल्या पोरांचं."

"कसले ढग?"

हळूहळू दोघांच्या माना एकाच दिशेला वळल्या. तांब्या घेतलेल्या माणसाला पळायला एकच वाट होती आणि तिच्यात आप्पा काठी टेकून उभे होते.

परसात विहिरीपाशी त्याची चौकशी झाली. मारुतीरावांनी विचारलं, आणखी काय काय बोललो आम्ही? भरमूच्या डोक्यात ओळ गेली की अक्षर हलत नसे. स्वतःची तर मुळीच नाही. त्याने पहिल्या 'हाय'पासून सगळं म्हणून दाखवलं, एकदा मास्तरांच्या आवाजात, एकदा अण्णांच्या. मधेच मारुतीराव म्हणाले, "हे मी असं म्हणणार नाही. 'आभाळ दाटून आलं' असं म्हणेन." मग आपण काय बोलतोय ते कळून ते थांबले. जिनदत्त विहिरीच्या काठावर टेकले होते आणि पुढचं ऐकायला वाकले होते.

आप्पा म्हणाले, "माझ्या गुडघ्याचं ह्यानं इचारलंय व्हय. आणि मी इतकं दिस मास्तरला आशीर्वाद देत बसलोय."

चंदना पदराआड हसत होती. "कांदा तेवढा सोडून," ती नवऱ्याला म्हणाली, "बाकीचं तुम्ही बोलला असतासा तर बरं झालं असतं."

"तुम्ही बोलत न्हवतासा," भरमू खाली बघत म्हणाला. "दोघं बी रोज इचारत हुतासा, काय हाय का, काय हाय का. रोज न्हाय म्हणायचं म्हंजे काय गंमत हाय? तोंड दुखतं, मास्तर."

"ह्याला काढून टाकायला हवं," मारुतीराव म्हणाले.

"काढू या," जिनदत्त म्हणाले. "वर कोण बसणार?"

मारुतीरावांनी कारकुनांची आठवण काढली आणि विषय बदलला. भरमूकडून काकतीच्या देवीची शपथ घेण्यात आली की ऐकेल तेच सांगेन, वर एक अक्षर घालणार नाही. पाटीवर 'बेळगाव-निपाणी' आलं. कंस गेला. भजी कुठे गेली हे आचाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तो तांब्यावाला खाऊन गेला.

शपथ भरमूने काटेकोर पाळली, आणि तोच त्याचा सूड होता. खरखर पुन्हा सुरू झाली. आवाज कसा येतोय, चांगला येतोय, माझा कसा येतोय. थोड्या दिवसांनी दोघांनाही ते सोसवेना. आता एकमेकांसमोर कोरडं बोलायची लाज वाटे आणि ओलं बोलता येत नसे.

"भरमू," मारुतीराव आवाज उतरवून म्हणत, "निपाणीला आणखी काय सांगावं रे?"

"शपथ हाय, मास्तर. माझ्याकडं काय न्हाय."

जिनदत्तही विचारून बघत. त्यांनाही तेच उत्तर. दोघांनी मग आपापल्या परीने धडपड केली. मारुतीरावांनी एकदा स्वतःहून गुडघ्याची चौकशी केली, पण ती अशी केली की जणू तपासनीस आलाय. जिनदत्तांनी एकदा ढगांवर बोलायचा प्रयत्न केला आणि मधेच तंबाखूच्या भावावर घसरले. भरमूने दोन्ही वाक्यं जशीच्या तशी पोचवली आणि पान लावलं.

मग युरोपात लढाई पेटली. सरकारी हुकूम निघाला की खाजगी बिनतारीची सगळी यंत्रं जमा करावीत. मारुतीरावांनी आपलं खोकं स्वतः पुसून दिलं. जिनदत्तांचं मोटारीतून गेलं. वंटमुरीच्या माथ्यावर मात्र फौजदार यल्लाप्पा दोन शिपाई घेऊन स्वतः चढले आणि वर पोचल्यावर बराच वेळ बोलूच शकले नाहीत.

"हे कशाला वापरतोस?" दम परतल्यावर त्यांनी विचारलं.

"ऐकू येतंय का न्हाय ते इचाराय."

"कोण कुणाला?"

"मास्तर अण्णांना. अण्णा मास्तरांना."

"आणि ऐकू आल्यावर काय सांगतात?"

"ऐकू येतंय म्हणून."

फौजदारांची खात्री पटली की ही सांकेतिक भाषा आहे. भरमूला खाली ठाण्यावर नेलं. लेखणी सरसावून ते म्हणाले, पहिल्यापासून सगळं बोलणं सांग, एक शब्द गाळलास तर बघ. भरमूने शब्द गाळायचा प्रश्नच नव्हता. तो सुरू झाला. खरखर, आज कमी, काल जास्त, तिकडे किती. फौजदारांनी आधी लिहून घेतलं, मग नुसतं ऐकलं, मग टेबलावर हनुवटी टेकली. कंसाच्या भांडणापाशी ते जागे झाले आणि खुर्ची पुढे ओढली. दमा आला, गुडघा आला, कांदाभजी आली. शिपाई दारात जमले. विहिरीपर्यंत सगळं झालं आणि भरमू पुन्हा खरखरीवर आला, तेव्हा यल्लाप्पांनी हात वर केला.

"बस. जा घरी."

"अजून लई ऱ्हायलंय, साहेब."

"जा म्हणतो ना."

लढाईची वर्षं महागाईची गेली. जिनदत्तांना वखारीत बसावंच लागलं, कारण आप्पांचा गुडघा कायमचा बसला. मारुतीराव शाळेतून निवृत्त झाले. भरमूने रवळूचा जुना डफ मागून आणला. रवळू कोल्हापुरात एका बोलपटात गर्दीतला माणूस म्हणून पाठमोरा दिसला होता आणि त्यातच खूश होता. भरमूने स्वतः पोवाडे बांधायला घेतले. काकतीच्या जत्रेत तो पहिल्यांदा पुढे उभा राहिला. ओळी बऱ्या होत्या, पण प्रत्येक ओळीनंतर तो थांबून कुणाची तरी वाट बघे. लोक म्हणाले, भरमा, तू मागंच बरा हुतास. त्याने ऐकलं आणि पुढच्या जत्रेला पुन्हा पुढे उभा राहिला. त्याही वेळी लोक तेच म्हणाले. तो पुढेच उभा राहत गेला.

लढाई संपल्यावर जप्त माल परत मिळू लागला. मारुतीरावांचं आणि जिनदत्तांचं खोकं आलं, दोन्हींत उंदरांचे संसार. माथ्यावरच्या खोलीतला माल भरमूच्या नावे होता. त्याने अंगठा उठवला आणि त्याला गोणपाटात शिवलेली जड पेटी मिळाली. घरी आणून मालुबाईने टाका उसवला, तर आत शिवणयंत्र.

"बिनतारी अशी असती व्हय?" तिने विचारलं.

"न्हाय. पण देऊ नगं परत."

तिने परत दिलं नाही. वडगावची पोरगी, सुताचं काम हातात मुरलेलं. आठवडाभरात यंत्र चालू झालं आणि वर्षभरात निम्मं गाव तिने शिवलेल्या चोळ्या घालत होतं. घर त्या यंत्रावर चालू लागलं, आणि भरमूला पोवाडे बांधायला निवांतपणा मिळाला.

सत्तेचाळीसच्या श्रावणात, गावात झेंडे लागून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा खानापूरकडचा एक शिंपी चौकशी करत दारात आला. डोक्यावर पेटी. कर्जात जप्त झालेल्या त्याच्या यंत्राच्या जागी त्याला हे मिळालं होतं आणि बायको ते घरात ठेवू देत नव्हती, म्हणत होती यात कुणीतरी बसलंय. मालुबाईने त्याला चहा दिला आणि यंत्रावरचा हात काढला नाही. शिंप्याने तिचं शिवण उचलून उलटसुलट बघितलं. त्याने तोवर नवं यंत्र घेतलं होतं.

"शिलाई बरी हाय," तो म्हणाला. "काज जरा लहान करा." पेटी पडवीत ठेवून तो खानापूरच्या मोटारीला गेला.

भरमूने निपाणीला आणि बेळगावला निरोप धाडला. मारुतीराव छडी टेकत आले, जिनदत्त मोटारीने. झाकण उघडून दोघंही आत वाकले. एकही दिवा शाबूत नव्हता. जिनदत्त म्हणाले, नव्या सरकारकडे परवाना मागू या. मारुतीराव म्हणाले, अर्जाचा मसुदा मी करतो. मग मसुद्यात कुणाचं नाव आधी यावं यावर दोघं पडवीतच बोलू लागले, बोलता बोलता आवाज चढले. मालुबाई यंत्र थांबवून आतून बाहेर आली.

"अवो, काय झालं?" तिने नवऱ्याला विचारलं. "काय म्हणत्यात ते?"

भरमू पान लावत होता. "त्यांचं त्यांना बोलू दे," तो म्हणाला. "समोरासमोर हायत की."